अकाउंट डिलीट होत नाही? कामांचा क्रम तपासा

कराडला माझा संगणक वर्ग आहे. शनिवारी दुपारी बॅच नसते, आणि तो वेळ गेली काही वर्षं मी शेजारपाजारच्यांच्या फोनसाठी राखून ठेवला आहे. मेमरी भरली, फॉर्म भरायचाय, फोटो उडाले, अशा सगळ्या तक्रारी येतात. त्यातली एक मात्र जवळजवळ दर शनिवारी असतेच: ‘ताई, हे अकाउंट काही केल्या बंद होत नाही.’ कधी ते खरेदीचं असतं, कधी स्पर्धा परीक्षेच्या क्लासचं, कधी नोकरीच्या पोर्टलचं, कधी लग्नाच्या स्थळांचं.

इतक्या वेळा हेच काम केल्यावर एक गोष्ट पक्की कळली आहे. बटण सापडत नाही म्हणून अडलेले लोक थोडे. जास्त लोक अडतात ते कामं उलट्या क्रमाने केल्यामुळे. वैतागून आधी ॲप काढून टाकतात, मग सिम बदलतात आणि शेवटी अकाउंट बंद करायला निघतात. तेव्हा ओटीपी येणारा नंबर हातात नसतो आणि दर महिन्याला कापले जाणारे पैसे मात्र चालूच असतात. म्हणून खाली दिलेला क्रम मोडू नका. सोपं आणि फुकटचं आधी आहे, कटकटीचं नंतर.

लक्षणं

तुमची अडचण यातली कुठली, ते आधी ठरवा.

- ॲप काढून कित्येक महिने झाले, तरी त्याच कंपनीचे मेसेज आणि फोन येतात.
- बँक खात्यातून दर महिन्याला ठरावीक रक्कम जाते, कशाची ते आठवत नाही.
- अकाउंट बंद केलं होतं, पण कुणीतरी सांगतं की तुमचं प्रोफाइल अजून दिसतंय.
- सेटिंगमध्ये ‘लॉग आउट’ सापडतं, ‘डिलीट’ कुठेच नाही.
- बटण सापडलं, पण ओटीपी बंद पडलेल्या नंबरवर जातो.
- ‘तुमची विनंती मिळाली’ असं उत्तर आलं आणि पुढे काहीच झालं नाही.

पहिलं लक्षण बहुतेक वेळा पहिल्याच तपासणीत सुटतं. दुसरं असेल तर थेट दुसऱ्या तपासणीवर जा, कारण तिथे रोज नुकसान होतंय. तिसरं फसवं आहे, त्यामागे तीन-चार वेगळी कारणं असू शकतात. शेवटच्या दोघांना वेळ लागतो. एका शनिवारी ती संपत नाहीत.

पहिली तपासणी: नेमकं काय बंद केलंत?

याला पाच मिनिटं लागतात, खर्च काही नाही. ॲप काढलं म्हणजे अकाउंट गेलं नाही. पासबुक फाडून टाकलं म्हणून बँकेतलं खातं बंद होत नाही, तसंच हे. तुमचं नाव, नंबर, पत्ता, फोटो कंपनीच्या संगणकावर असतात. फोनमधलं ॲप ही ती माहिती बघायची खिडकी. खिडकी बंद केली, माहिती जागच्या जागी राहिली.

दुसरा गोंधळ ‘डिॲक्टिव्हेट’ या शब्दाचा. फेसबुकवर डिॲक्टिव्हेट म्हणजे प्रोफाइल झाकून ठेवणं. सगळं आत तसंच राहतं, मेसेंजरही चालू राहू शकतो, आणि पुन्हा लॉगिन केलं की प्रोफाइल उघडतं. कायमचं घालवायला तिथे डिलीटचा वेगळा पर्याय निवडावा लागतो. एक्सवर (पूर्वीचं ट्विटर) मात्र डिॲक्टिव्हेट हीच डिलीट करण्याची पहिली पायरी आहे. ३० दिवस परत आला नाहीत की अकाउंट जातं. शब्द एकच, अर्थ दोन. म्हणून बटण दाबण्याआधी त्याखालची बारीक अक्षरातली ओळ वाचा. ‘कधीही परत येऊ शकता’ असं लिहिलं असेल तर ते डिलीट नाही.

तिसरी गोष्ट वाट पाहण्याची. फेसबुक आणि इन्स्टाग्राम डिलीटची विनंती घेतल्यावर ३० दिवस थांबतात. त्या काळात लॉगिन करून तुम्ही विनंती मागे घेऊ शकता, आणि नेमकं हेच लोकांकडून नकळत होतं. ‘खरंच गेलं का’ म्हणून दहाव्या दिवशी उघडून बघतात, समोर आलेल्या चौकटीवर घाईत बोट पडतं, आणि विनंती रद्द. ३० दिवस उलटल्यानंतरही फेसबुकला सगळा साठा पुसायला ९० दिवसांपर्यंत लागू शकतात. विनंती केल्यावर कॅलेंडरवर तारीख लिहा, ॲप फोनमधून काढा, ब्राउझरमध्ये साठवलेला पासवर्ड पुसा आणि तिकडे फिरकू नका.

आणि पाहुण्याचा, विक्रेत्याचा, कुणाचाही नको असलेला फोन आला तर कापण्याआधी एकच विचारा: ‘माझा नंबर तुम्हाला कुठे मिळाला?’ हा प्रश्न मी स्वतः उशिरा शिकले. त्याचं उत्तर पुढची अर्धी शोधाशोध वाचवतं.

दुसरी तपासणी: पैशांचा नळ

अकाउंटला हात लावण्याआधी त्याला जोडलेला पैशांचा नळ बंद करा. अकाउंट आणि त्याची वर्गणी या दोन वेगळ्या नोंदी असतात. अकाउंट आधी गेलं तर पावती, वर्गणीचा क्रमांक, ग्राहक क्रमांक, सगळं त्याच्यासोबत जातं, आणि नंतर कुणाशी भांडायचं तर हातात कागद राहत नाही.

कुठे बघायचं? अँड्रॉइडवर प्ले स्टोअर उघडा, वरच्या कोपऱ्यातल्या आपल्या फोटोवर दाबा, ‘पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स’मध्ये जा. आयफोनवर सेटिंगमध्ये सगळ्यांत वर असलेल्या आपल्या नावावर दाबलं की ‘सबस्क्रिप्शन्स’ दिसतं. ॲप काढल्याने इथली वर्गणी थांबत नाही. तिथे काही नसेल तर ज्या यूपीआय ॲपने पैसे देता त्यात ‘ऑटोपे’ शोधा. चालू असलेल्या सगळ्या परवानग्यांची यादी मिळेल, तिथूनच रद्द करता येते. दोन यूपीआय ॲप वापरत असाल तर दोन्ही बघा. कार्डावर परवानगी दिली असेल तर ती बँकेच्या ॲपमध्ये किंवा संकेतस्थळावर दिसते.

एवढं करूनही कशाचे पैसे जातात ते कळत नसेल तर जुने मेसेज चाळा. आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमेची सूचना किमान २४ तास आधी द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, आणि त्या मेसेजमध्ये पैसे घेणाऱ्याचं नाव असतं. साधारणपणे १५,००० रुपयांपर्यंतच्या अशा हप्त्याला दरवेळी ओटीपी लागत नाही, म्हणून लक्ष जात नाही. एमपीएससीची तयारी करणारा एक मुलगा माझ्याकडे आला होता. क्लासचं ॲप काढून त्याला आठ महिने झाले होते आणि दर महिन्याला २९९ रुपये जात होते. खोलीचं भाडं, मेस आणि पुस्तकं सांभाळणाऱ्या मुलासाठी ही रक्कम लहान नाही. ऑटोपे रद्द करायला दीड मिनिट लागलं. गेलेले पैसे मात्र परत मिळाले नाहीत.

याच टप्प्यावर शिल्लक बघा: वॉलेटमधले पैसे, यायचा असलेला परतावा, वॉरंटीसाठी लागणारी बिलं, फोटो. ॲमेझॉनचं अकाउंट बंद केलं तर त्यावरचं प्राइम, किंडलची पुस्तकं आणि खरेदीचा इतिहास असं सगळं एकत्र जातं; मिक्सरचं बिलही त्यातच असतं. आधी बिलं उतरवून घ्या.

तिसरी तपासणी: किल्ली कोणाकडे आहे?

इथे मी सगळ्यांत जास्त वेळ घालवते, आणि तुम्हीही घालवा.

मलकापूरच्या एका काकांची गोष्ट सांगते. मुलीचं लग्न होऊन दीड वर्ष झालं होतं, पण लग्न जमवणाऱ्या संकेतस्थळावरचं तिचं प्रोफाइल चालूच होतं. स्थळांचे फोन येत. एकदा जावई घरी जेवायला बसले असताना फोन आला. पुढे सासरच्या नात्यातल्या कुणीतरी ते प्रोफाइल पाहिलं आणि विचारलं, ‘हे अजून कसं काय?’ मुलगी रडली. काकांनी तोवर ते अकाउंट दोनदा ‘डिलीट’ केलेलं होतं, तसा निरोपही त्यांना दाखवता येत होता. मग प्रोफाइल जात का नव्हतं?

कारण ते बंद करत होते ते दुसरंच अकाउंट होतं. मूळ प्रोफाइल मुलीच्या पुण्याच्या मामाने स्वतःच्या नंबरवर उघडलेलं. काका आपला नंबर टाकून ओटीपीने आत जात. हल्ली बऱ्याच सेवांमध्ये अनोळखी नंबर टाकला की काही न विचारता नवं, कोरं अकाउंट तयार होतं. काका दरवेळी नवं अकाउंट उघडत होते आणि तेच बंद करत होते.

म्हणून आत गेल्यावर आधी जुन्या खुणा शोधा. जुन्या ऑर्डर दिसतात का, जुना फोटो आहे का, पत्ता भरलेला आहे का? सगळं कोरं असेल तर तुम्ही चुकीच्या दारातून आत आला आहात. बाहेर पडा आणि दुसरा नंबर, दुसरा ईमेल, नाहीतर ‘गुगलने लॉगिन करा’ हा मार्ग वापरून बघा.

कुठल्या नंबरवर किंवा ईमेलवर अकाउंट आहे हे आठवत नसेल तर ईमेलमध्ये कंपनीचं नाव टाकून सगळ्यांत जुना मेल शोधा. तो ज्या पत्त्यावर आला तीच किल्ली. ब्राउझरमध्ये साठवलेल्या पासवर्डची यादी बघा. गुगल अकाउंटच्या सेटिंगमध्ये ‘सिक्युरिटी’खाली, गुगलच्या ओळखीवर तुम्ही कुठे कुठे लॉगिन केलंय त्याची यादी मिळते. एक खबरदारी घ्या: त्या यादीतून नाव काढल्याने फक्त गुगलशी असलेली जोडणी तुटते, तिकडचं अकाउंट तसंच राहतं, आणि आत जायचा रस्ता तुम्ही स्वतःच बंद केलेला असतो. आधी अकाउंट बंद, मग जोडणी.

किल्ली म्हणजे जुना नंबर असेल आणि ते सिम अजून चालू असेल, तर ते तसंच चालू ठेवा. सर्वात स्वस्त रिचार्ज मारा, पण बंद पडू देऊ नका. बंद झालेला नंबर किमान ९० दिवस कुणाला दिला जात नाही. त्यानंतर तो दुसऱ्याच्या हातात जाऊ शकतो आणि तुमच्या अकाउंटचे ओटीपी त्याच्याकडे जाऊ लागतात. सिम सोडण्याआधी प्रत्येक सेवेत नवा नंबर नोंदवा किंवा अकाउंट बंद करा. व्हॉट्सॲप बंद करायचं तेही सिम हातात असतानाच, त्याच्या सेटिंगमधल्या ‘डिलीट अकाउंट’ने. सिम नुकतंच बंद पडलं असेल तर त्या कंपनीच्या गॅलरीत जाऊन नंबर परत चालू होतो का ते विचारा. उशीर करू नका.

काकांच्या बाबतीत मामांचा नंबर चालू होता. आम्ही मामांकडून फोनवर ओटीपी मागवला नाही, त्यांनाच आत जायला सांगितलं आणि काय दाबायचं ते मी सांगत गेले. नातेवाईक असले तरी फोनवर ओटीपी सांगायची सवय लागू नये, असं मला मनापासून वाटतं. उद्या मामाचा आवाज काढून दुसरा कुणी मागेल.

चौथी तपासणी: बटण

बटण बहुतेक वेळा असतं, फक्त ‘डिलीट’ या नावाने नसतं. ‘क्लोज अकाउंट’, ‘रिमूव्ह प्रोफाइल’, ‘डेटा अँड प्रायव्हसी’, ‘मॅनेज अकाउंट’, नाहीतर ‘हेल्प’च्या पोटात. फोनवर सापडलं नाही तर तीच सेवा संगणकाच्या ब्राउझरमध्ये उघडा. टेलिग्रामसारख्या सेवेत अकाउंट डिलीट करण्याचं पान संकेतस्थळावर वेगळं आहे.

ॲप काढून टाकलं असेल तरी एक चांगली सोय आहे. ॲपमध्ये अकाउंट उघडता येत असेल तर ते ॲपमधूनच बंद करण्याचीही सोय हवी, असं बंधन ॲपलने ३० जून २०२२ पासून घातलं. गुगल प्लेने पुढे तसाच नियम केला आणि ॲप पुन्हा न घेता विनंती करता यावी म्हणून वेबवरचा दुवाही मागितला. प्ले स्टोअरवर त्या ॲपच्या पानावर ‘डेटा सेफ्टी’ उघडा. माहिती काढून टाकण्याची विनंती करता येते का, ते तिथे दिसतं. माझ्याकडे येणाऱ्या किती तरी जणांचं काम याच एका जागी झालं आहे. ‘जस्ट डिलीट मी’ नावाचं एक संकेतस्थळही उपयोगी आहे. कुठली सेवा बंद करणं सोपं, कुठली अवघड आणि कुठली जवळपास अशक्य, हे तिथे रंगांनी दाखवलंय आणि थेट दुवे दिलेत.

बटण दाबल्यावर अडवणूक सुरू होते. ‘जाऊ नका’, ‘तीन महिने फुकट घ्या’, ‘फक्त विश्रांती घ्या’, आणि ठळक रंगातलं बटण नेहमी ‘थांबतो’चं. घाईत तेच दाबलं जातं. ग्राहकाला असं अडकवण्याच्या १३ प्रकारांवर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. वर्गणी रद्द करणं मुद्दाम किचकट करणं हा त्यातलाच एक प्रकार. म्हणून प्रत्येक पडद्याचा स्क्रीनशॉट घ्या. पुढे तक्रार करायची वेळ आली तर तोच पुरावा.

लग्नाच्या स्थळांच्या अकाउंटमध्ये दोन जागी जास्त सावध राहा. ‘हाइड’ केलं तर प्रोफाइल काही काळापुरतंच लपतं, डिलीट वेगळं. आणि ‘लग्न ठरलं’ हे कारण निवडल्यावर काही ठिकाणी जोडप्याचा फोटो मागतात. तो द्यायची सक्ती नसते. माहिती काढायला आलोय, नवा फोटो द्यायला नाही, हे लक्षात ठेवा.

बटण खरोखरच नसेल तर हाताने जेवढं काढता येईल तेवढं काढा: फोटो, घरचा पत्ता, जन्मतारीख, कार्ड. मात्र ईमेल किंवा नंबर खोटा टाकू नका. तोच तुमचा असल्याचा पुरावा आहे, पुढच्या पायरीला लागणार आहे.

फोन करणाऱ्याचं नाव दाखवणाऱ्या ट्रूकॉलरबद्दल नेहमी विचारतात म्हणून इथेच सांगते. ॲपमध्ये अकाउंट डिॲक्टिव्हेट करणं हे एक काम, आणि त्यांच्या संकेतस्थळावर जाऊन यादीतून नंबर काढून घेणं हे दुसरं. पहिलं करून थांबलात तर नंबर यादीत राहतो.

पाचवी तपासणी: लेखी पत्र

ग्राहक सेवेच्या फोनवर तासभर घालवण्यापेक्षा एक नीट ईमेल लिहा. संकेतस्थळाच्या अगदी तळाशी किंवा ‘प्रायव्हसी पॉलिसी’त ‘ग्रिव्हन्स ऑफिसर’चं, म्हणजे तक्रार अधिकाऱ्याचं, नाव आणि ईमेल असतो. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार अशा अधिकाऱ्याने २४ तासांत पोच द्यायची आणि साधारणपणे ७ दिवसांत तक्रार निकाली काढायची असते (फेब्रुवारी २०२६ पर्यंत ही मुदत १५ दिवसांची होती). विवाहविषयक संकेतस्थळांना तर तक्रार अधिकारी नेमायला केंद्र सरकारने २०१६ मध्येच सांगितलंय.

ईमेल अकाउंटला जोडलेल्या पत्त्यावरूनच पाठवा, नाहीतर ‘हे अकाउंट तुमचंच कशावरून’ यात आठवडा जातो. आत एवढंच लिहा: नोंदवलेला नंबर, अकाउंट बंद करायचंय आणि माहिती पुसायचीय, जाहिरातीचे फोन-मेसेज थांबवायचेत, कुठल्या तारखेला काय प्रयत्न केला, आणि काम झाल्याचं लेखी उत्तर हवंय. सोबत स्क्रीनशॉट. रागाचा मजकूर लिहू नका. राग खरा असतो, पण तो वाचणारा माणूस मुद्दा शोधत बसतो.

ओळखपत्र मागितलं तर? आधी त्याची गरज का, ते विचारा. द्यावंच लागलं तर शेवटचे चारच अंक दिसणारं मास्क्ड आधार द्या आणि प्रतीवर ‘फक्त अकाउंट बंद करण्यासाठी’ असं तारखेसह लिहा. माहिती पुसून घ्यायला निघालेल्या माणसाने पूर्ण आधार देऊन यावं, हे मला पटत नाही.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये आला आणि त्याच्या १२ व्या कलमात आपली माहिती पुसून घेण्याचा हक्क दिलाय. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. पण ते टप्प्याटप्प्याने लागू होतात, आणि हे हक्क त्यानंतर १८ महिन्यांनी अमलात येणार आहेत. पत्रात कायद्याचा उल्लेख जरूर करा, दंडाची धमकी मात्र आत्ताच देऊ नका. युरोपात राहणाऱ्यांची स्थिती वेगळी आहे. माझा एक विद्यार्थी जर्मनीत असतो. तिथे जीडीपीआर या युरोपच्या माहिती-संरक्षण कायद्याच्या १७ व्या कलमाखाली मागणी करता येते आणि कंपनीला साधारण एका महिन्यात उत्तर द्यावं लागतं. तुमची मुलं तिकडे असतील तर त्यांना हे सांगा.

ठरलेल्या मुदतीत काम झालं नाही, किंवा उत्तर पटलं नाही, तर पुढे दोन वाटा आहेत. समाजमाध्यमं आणि तशा सेवांसाठी केंद्र सरकारची ग्रिव्हन्स अपेलेट कमिटी, म्हणजे तक्रारींची अपील समिती, आहे. २०२३ पासून तिथे ऑनलाइन अपील करता येतं. तक्रार अधिकाऱ्याचं उत्तर मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत करायचं. पैसे देऊन घेतलेली सेवा किंवा वर्गणी असेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. ईमेल आणि स्क्रीनशॉट जवळ असले की तक्रार नोंदवणं अवघड जात नाही.

अकाउंट गेलं, तरी काहीतरी उरलंय

मामांच्या नंबरवरचं प्रोफाइल गेल्यानंतर दोन महिन्यांनी काकांना पुन्हा एका स्थळाचा फोन आला. ते घाबरून माझ्याकडे आले. या वेळी त्यांनी फोन करणाऱ्याला ‘कुठे पाहिलंत?’ असं विचारून ठेवलं होतं. उत्तर होतं, इचलकरंजीच्या एका वधू-वर व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरणारी तीन वर्षांपूर्वीची बायोडेटाची पीडीएफ. संकेतस्थळाचा काही दोष नव्हता. आम्ही ग्रुपच्या ॲडमिनला फोन केला. त्यांनी जुना बायोडेटा काढला आणि ‘यांचं लग्न झालंय, कृपया पुढे पाठवू नका’ असा निरोप टाकला. वधू-वर मंडळाच्या छापील सूचीतही मुलीचं नाव होतं. पुढच्या आवृत्तीतून ते वगळायला सांगितलं. छापून वाटलेली सूची परत आणता येत नाही.

गुगलमध्ये नाव शोधल्यावर जुनं प्रोफाइल दिसत असेल तर त्यावर दाबून बघा. पान उघडत नसेल तर मूळ माहिती गेलेली आहे, फक्त शोधाची नोंद जुनी आहे. अशी शिळी नोंद काढण्यासाठी गुगलचं वेगळं साधन आहे, तिथे त्या पानाचा पत्ता द्या. पान उघडत असेल तर मात्र पुन्हा तिसऱ्या तपासणीवर या.

केवायसी दिलेल्या आर्थिक सेवांकडे माहिती उरतेच. खातं बंद झाल्यावरही किमान पाच वर्षं नोंदी ठेवण्याचं त्यांच्यावर कायद्याने बंधन आहे. ती पुसून मिळावी म्हणून भांडण्यात वेळ घालवू नका. जाहिराती आणि फोन थांबवण्याची मागणी करा, ती रास्त आहे.

आपला मुख्य ईमेल आणि सिम सर्वांत शेवटी. बाकी सगळी दारं त्याच किल्लीने उघडतात. गुगल अकाउंट काढलं तर ईमेलबरोबर फोटो आणि विकत घेतलेली ॲपही जातात. उलट, दोन वर्षं न उघडलेलं वैयक्तिक अकाउंट गुगल स्वतःच काढून टाकू शकतं. म्हणून कामं संपेपर्यंत जुन्या ईमेलमध्ये अधूनमधून लॉगिन करत राहा.

इथे थांबा, हे घरी करू नका

कर्ज देणारं ॲप असेल तर मी हात लावत नाही, तुम्हीही लावू नका. आधी कर्ज पूर्ण फेडल्याचा दाखला लेखी घ्या. ॲप काढलं किंवा अकाउंट पुसलं म्हणून कर्ज मिटत नाही. फेडल्यावर दिलेली संमती मागे घ्यायची आणि माहिती पुसायला सांगायची सोय देणं रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या डिजिटल कर्जाच्या नियमांत बंधनकारक केलंय. कंपनीने ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. धमक्या येत असतील किंवा नातेवाइकांना फोन जात असतील तर वाट बघू नका, पोलिसांकडे जा. बँक, डीमॅट आणि विमा यांचंही तसंच: ॲपमधलं बटण शोधू नका, शाखेत जाऊन खातं बंद करण्याचा अर्ज भरा आणि पोच घ्या.

तुमच्या नावाने किंवा फोटोने दुसऱ्याच कुणी अकाउंट उघडलं असेल तर त्याला मेसेज करू नका, आत शिरायचा प्रयत्न करू नका. प्रोफाइलचा पत्ता आणि स्क्रीनशॉट घ्या, त्या सेवेकडे कळवा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा पोलीस ठाण्यात तक्रार करा. मुलीच्या बाबतीत असं झालं असेल तर तिला एकटीला पाठवू नका आणि तिला दोषही देऊ नका.

घरातलं माणूस गेलं असेल तर त्यांचं सिम लगेच बंद करू नका. बँक, पेन्शन, विमा यांची कामं आधी होऊ द्या. फेसबुक आणि गुगलकडे मृत व्यक्तीच्या अकाउंटसाठी वेगळी पद्धत आहे, नातेवाइकांना कागदपत्रं देऊन ते करता येतं. पैशांचा किंवा वारसाचा प्रश्न असेल तर वकिलाला विचारा.

ओटीपी दोन-तीनदा चुकला तर त्या दिवशी थांबा. पुन्हा पुन्हा प्रयत्न केल्याने अकाउंट कुलूपबंद होतं आणि काम लांबतं.

आणि एका गोष्टीसाठी हात जोडते. गुगलवर ‘कस्टमर केअर नंबर’ शोधून मिळालेल्या नंबरवर फोन करू नका. खोटे नंबर टाकून बसलेले लोक नेमके अशाच वैतागलेल्या माणसाची वाट बघत असतात. अकाउंट बंद करून देतो म्हणून पलीकडचा माणूस स्क्रीन दाखवणारं ॲप घ्यायला सांगत असेल, दहा रुपये भरायला सांगत असेल, किंवा पिन टाकायला सांगत असेल, तर फोन तिथेच ठेवा. ॲप घेतलं गेलं असेल तर आधी इंटरनेट बंद करा. पैसे गेले असतील तर दुसऱ्या फोनवरून लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवा, मग बँकेला. शनिवारपर्यंत थांबून माझ्याकडे येऊ नका.